यादी मागणारे मिस्त्री

"यादी आणलीसा का?"

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारायचे. या, बसा, पाणी घ्या, यातलं काही नाही. आमच्या कोल्हापुरात वाट चुकून दारात आलेल्यालाही पावणं म्हणून आधी चहा पाजतात. हा माणूस आलेल्या पाहुण्याकडे कागद मागायचा. घरात दिवे किती, पंखे किती, लाईट गेल्यावर त्यातलं काय काय चालू राहायला हवं आणि किती वेळ, हे सगळं त्या कागदावर लिहून न्यायचं. कागद नसेल तर गिऱ्हाईक आल्या पावली परत. असेल तर मिस्त्री तो दोनदा वाचणार, चष्म्यावरून आपल्याकडे बघणार आणि म्हणणार, "मला खोटं सांगा, मी ऐकून घेतो. बॅटरी ऐकून घेत न्हाय."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या तोंडी लागायला नको वाटतं, आणि काम मात्र त्याच्याकडूनच करून घ्यावंसं वाटतं. मी त्यांच्या तोंडी लागले होते. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

त्यांचं दुकान उद्यमनगरच्या रस्त्याला, माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नव्वदच्या दशकात मिस्त्री ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. एकच खोली, तिच्यात भिंतीला लावून बॅटऱ्यांच्या रांगा, आणि घशात बसणारा ॲसिडचा वास. त्यांच्या शर्टाला सगळीकडे बारीक भोकं असायची. ॲसिडचे थेंब उडून पडलेली. दिवाळीला नवा शर्ट घातला तरी आठवड्यात त्याची चाळण व्हायची.

एकदा सव्वीस जानेवारीच्या आधी शाळेच्या स्पीकरची बॅटरी घेऊन मी आणि हेडमास्तर त्यांच्याकडे गेलो. मिस्त्रींनी झाकणं उघडून आत एक काचेची नळी घातली, बघितलं आणि बॅटरी आमच्याच स्कूटरवर परत ठेवली. ही मेली आहे, म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, नुसती चार्ज तर करून द्या. त्यावर मिस्त्री म्हणाले, मेलेल्याला सलाईन लावायचा धंदा मी करत नाही, करणारे पुढच्या चौकात आहेत. मला इतका राग आला की मीच हेडमास्तरांना पुढच्या चौकात घेऊन गेले. तिथल्या माणसाने हसून बॅटरी चार्ज करून दिली. झेंडावंदनाच्या दिवशी समूहगीताच्या दुसऱ्या कडव्याला स्पीकर बंद पडला, आणि गावचे पुढारी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिले. मला मिस्त्रींचा आणखीनच राग आला. बरोबर ठरलेल्या माणसाचा येतो तसा.

मग लोडशेडिंगचे दिवस आले. तुम्हाला आठवत असतील. पेपरात आगगाडीसारखं वेळापत्रक यायचं. कुठल्या भागाची लाईट किती ते किती जाणार. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन-अडीच तास, आणि वेळापत्रकात नसलेलं जाणं वेगळंच. बिल मात्र कधी उशिरा यायचं नाही. ऑफिसात तक्रार करायला गेलं की खुर्चीतला माणूस म्हणायचा, आमच्याही घरची जाते बाई. जणू त्यामुळे माझ्या घरात उजेड पडणार होता.

अशा वेळी जो तो इन्व्हर्टर विकायला लागला. प्रदर्शनांत टाय लावलेली पोरं उभी राहायची आणि सोलरचं चकचकीत पुस्तक हातात द्यायची. मॅडम, सगळं चालेल. टीव्ही चालेल, मिक्सर चालेल, गीझरसुद्धा चालेल. मिस्त्रींनीही बंगळूरहून सोलरची पॅनेलं मागवायला सुरुवात केली होती, पण त्यांच्या दुकानात 'चालेल' हा शब्द सहसा ऐकू यायचा नाही. तिथे 'न्हाय' जास्त चालायचं.

राजारामपुरीतले एक बंगलेवाले त्यांना आपलं घर दाखवायला घेऊन गेले. त्यांना पॅनेल हवं होतं ते बंगल्याच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. पुढची बाजू उत्तरेला. मिस्त्रींनी सांगितलं, ऊन मागच्या बाजूला आहे, तिकडे लावू. ते म्हणाले, मागे लावून कोण बघणार? "मग पॅनेलचा फोटो लावा की मोठा," मिस्त्री म्हणाले आणि लुनाला किक मारून परत आले. ही हकीकत त्यांनीच दुकानात उभं राहून सगळ्यांना ऐकवली, आणि ऐकवताना परत तितकेच तापले.

पण इचलकरंजीचा एक माग चालवणारा आला होता, तेव्हाही मी दुकानात होते. त्याला दोन यंत्रमाग सोलरवर चालवायचे होते. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. मिस्त्रींनी त्याला चक्क स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि तासभर कागदावर आकडे मांडून, हे का जमणार नाही, ते समजावलं. त्याने एकही गोष्ट लपवली नव्हती, मोटारीच्या पाटीवरचे आकडेसुद्धा उतरवून आणले होते. तो गेल्यावर मिस्त्री मला म्हणाले, अशी यादी पाहिजे बघा बाई. हे ऐकून मी पर्सची चेन लावून घेतली, कारण पर्समध्ये माझी यादी होती आणि ती खोटी होती.

आता ते सांगते.

माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षं फौंड्रीत साच्याची वाळू भरली. ती बारीक धूळ रोज नाकातोंडात जायची आणि हा संध्याकाळी गूळ खाऊन घसा साफ झाला म्हणायचा. मालकाने दर दिवाळीला मिठाईचा पुडा दिला, तोंडाला बांधायला धड मास्क कधी दिला नाही. पन्नाशी ओलांडली आणि नवऱ्याच्या फुप्फुसांनी हात टेकले. जिना चढता येईना, मग चालता येईना, मग बोलतानाही मध्ये थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायला सांगितलं. खोलीतलीच हवा ओढून घेऊन त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडणारं. दिवसरात्र चालू ठेवायचं आणि विजेवर चालणारं. लोडशेडिंगच्या शहरात.

लाईट गेली की छोटा सिलिंडर लावायचा आणि त्याच्या काट्याकडे बघत बसायचं, असे आम्ही काही महिने काढले. माझं शाळेत लक्ष लागायचं नाही. फळ्यावर लिहिता लिहिता पंखा बंद पडला की खडू हातात तसाच राहायचा.

पण नवऱ्याची अट होती, हे कुणाला कळता कामा नये. तरुणपणी तालमीत गेलेला माणूस. याने गल्लीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा माणूस वळून बघायचा. त्याला नाकात नळी घातलेलं कुणी बघायला नको होतं. खोलीचं दार कायम लावलेलं. मशीनची घरघर बाहेर ऐकू यायची, तर शेजारणींना सांगितलं होतं की आमचा जुना फ्रिज आवाज करतो. एकीने फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाचा नंबरही आणून दिला होता.

मिस्त्रींसाठी यादी करायला बसले तेव्हा मी पहिल्या ओळीत मशीनच लिहिलं. नवऱ्याने वाचलं आणि कागद फाडायला लावला. म्हणाला, "उद्यमनगरातला माणूस हाय त्यो. उद्या सगळ्या भट्ट्यांवर कळंल, नाकात नळी घालून बसलाय म्हणून." मी चिडले, भांडले. तो पुढे बोलू शकेना, नुसता हात हलवत राहिला. धाप लागलेल्या माणसाशी भांडण जिंकायचं तरी कसं? दुसऱ्या कागदावर मी लिहिलं: दोन दिवे, एक पंखा, एक फ्रिज. खोटं बोललेल्या पोरांना वर्गात उभं करणारी बाई मी.

मिस्त्रींनी यादी वाचली आणि 'फ्रिज'वर बोट ठेवलं. दोन तास दार उघडलं नाही तर आतलं काही नासत नाही, फ्रिज कशाला हवाय, म्हणाले. मी म्हटलं, औषधं असतात. कुणाची, तर नवऱ्याची, त्याला शुगर आहे. एका खोट्याला दुसरं लागतं आणि दुसऱ्याला तिसरं. मिस्त्रींनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी आठला ते आमच्या गच्चीवर आले. पॅनेल कुठे बसवायचं ते घर बघून दहा मिनिटांत सांगणारे पुष्कळ होते. मिस्त्री खडू घेऊन दिवसभर गच्चीवर बसायचे. पाण्याच्या टाकीची सावली, जिन्यावरच्या खोलीची सावली, शेजारच्या माडाची सावली, दर तासाला तिच्या कडेने खडूने रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. चार वाजता आमच्या गच्चीवर सगळीकडे रेघाच रेघा होत्या, आणि मधे एक चटईएवढा तुकडा तेवढा कोरा राहिला होता. तिथे दिवसभर ऊन होतं. पॅनेल इथे, म्हणाले.

तो दिवस आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. मिस्त्री पाणी प्यायला, फ्रिजची मागची पाटी बघायला, मीटर बघायला सारखे खाली यायचे. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला पीळ देऊन, नळी न लावता बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेला. दर थोड्या वेळाने तो उठून आतल्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा, मशीनची घरघर नको म्हणून छोट्या सिलिंडरची नळी लावून दम खायचा आणि परत येऊन बसायचा. शेवटी मिस्त्रींनी विचारलंच, मालक सारखे आत का जातात? मी म्हटलं, जरा पडायची सवय आहे. तर हे म्हणाले, कामावर असतानाही हीच सवय होती काय.

नवऱ्याने ऐकलं. त्याचा चेहरा काळानिळा झाला. सव्वीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला आळशी म्हटलं, आणि उलट शिवी द्यायला त्याच्या छातीत वारा नव्हता. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. या गोष्टीत सगळ्यात जास्त चीड मला आजही माझ्या त्या चहाची येते.

आठवड्याभरात एक पॅनेल, एक बॅटरी, एक छोटा इन्व्हर्टर बसला. फ्रिज थांबत थांबत चालतो, मिस्त्रींनी समजावून सांगितलं, गार झाला की आपोआप बंद होतो, म्हणून एक बॅटरी पुरेल. स्वयंपाकघरात फ्रिजसाठी वेगळा प्लग काढून दिला. ते गेल्यावर मी त्या प्लगमध्ये लांब वायर खोचली आणि भिंतीच्या कडेने आतल्या खोलीत नेली. आमचं मशीन थांबत थांबत चालणारं नव्हतं. ते एकसारखं वीज ओढायचं, फ्रिजच्या कितीतरी पट.

दोन दिवस दिवे-पंखा बंद ठेवून कसंबसं निभावलं. बॅटरी आहे म्हणून मी निर्धास्त झाले आणि सिलिंडर भरून आणायचा राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली आणि तासाभरातच इन्व्हर्टर किंचाळायला लागला. मग मशीन बंद पडलं. सिलिंडर लावला, काटा तळाला. नवरा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसला होता आणि त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

मी मिस्त्रींना फोन केला आणि तोंड सोडलं. तुम्ही फसवलंत, तुमची बॅटरी बोगस आहे, लोकांना अक्कल शिकवता आणि मेलेला माल गळ्यात मारता, असं काय काय बोलले. त्यांनी एकच विचारलं, घरी आहात का? दहा मिनिटांत लुना दारात.

ते भांडायच्या तयारीनेच आत आले होते. थेट स्वयंपाकघरात गेले. फ्रिजचा प्लग बघितला, त्यातून निघालेली ती लांब वायर बघितली. त्या वायरवर हात ठेवून ते भिंतीच्या कडेने चालत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि त्यांनी दार ढकललं.

नवऱ्याचे निळे ओठ, नाकातली नळी आणि बंद मशीन बघून ते जसे आत गेले तसेच मागे फिरले आणि गल्लीत पळाले. आमच्या दाराशी शेजाऱ्यांचा दुधाचा टेम्पो उभा असायचा. मिस्त्रींनी कुणाला न विचारता त्याची बॅटरी पान्याने सोडवली, पोटाशी धरून आत आणली आणि आमच्या इन्व्हर्टरला जोडली. मशीनची घरघर सुरू झाली. टेम्पोवाले शेजारी शिव्या देत मागोमाग घरात शिरले होते. त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि तिथेच दारात उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांची बायको, तिच्या मागे अजून दोघी. जे लपवायला एवढा खटाटोप केला ते पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीला कळलं.

नवऱ्याच्या ओठांना रंग आला तसे मिस्त्री त्याच्यावर तुटून पडले. माझ्यावर नाही, त्याच्यावर. यादी त्याच्या नाकासमोर नाचवून म्हणाले, हा फ्रिज होय? नवऱ्याने नळी नाकात तशीच ठेवून सांगितलं, गल्लीत कळायला नको होतं.

"गल्ली काय तुमच्याकरता श्वास घेत बसलीया?" मिस्त्री ओरडले. "आज गेला असतासा म्हंजे माझ्या हातानं गेला असतासा. माझ्या बॅटरीवर. तुमास्नी लाज वाटती नळीची, आणि मी जलमभर काय घेऊन फिरायचं?"

नवराही तापला. अर्ध्या वाक्यावर दम संपायचा, तो थांबायचा, मिस्त्री तेवढा वेळ कमरेवर हात ठेवून वाट बघायचे आणि मग परत सुरू. मी मध्ये पडले तर दोघेही मलाच गप्प बस म्हणाले. इतक्या दिवसांत नवरा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी एवढं बोलला नव्हता.

त्याच दुपारी मिस्त्री रिक्षा टेम्पोतून दोन मोठ्या बॅटऱ्या, एक मोठा इन्व्हर्टर आणि दोन पॅनेलं घेऊन आले. आधीची बॅटरी घरातल्या दिव्यांना ठेवली आणि मशीनची लाईन पूर्ण वेगळी काढली. तिला दुसरं काही लावलं तर हात तोडीन, असं मला बजावलं. बॅटऱ्या नव्या नव्हत्या. त्यांच्यावर खंडेनवमीच्या पूजेचं हळदीकुंकू वाळलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, एका गिऱ्हाइकाने घेऊन परत केल्यात, दुकानात जागा अडवून पडल्यात, राहू द्यात तुमच्याकडे. पैशांचं विचारलं तर म्हणाले, त्या गिऱ्हाइकाचं मिटू दे, मग बघू. हळदीकुंकवाचं मला काही वाटलं नाही, दुकानातल्या मालाचीही पूजा होतेच. मी विश्वास ठेवला. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याचं खोटं चटकन ओळखता यायला पाहिजे, पण मला आलं नाही.

त्यानंतर वर्षभर दर रविवारी ते बॅटऱ्यांत पाणी घालायला यायचे. काम पंधरा मिनिटांचं, बसायचे दोन तास. नवऱ्याच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून दोघे भांडायचे. कुस्तीवरून, राजकारणावरून, तांबड्या रश्श्यात कोणतं तिखट घालावं यावरून. नवऱ्याचा आवाज चढला की मिस्त्री म्हणायचे, सावकाश बोला, तुमचा एकेक शब्द माझ्या बॅटरीतनं जातोय. नवरा हसायचा आणि हसताना त्याला ठसका लागायचा. आता दार उघडं असायचं. गल्लीतले लोक जाता जाता डोकावायचे. टेम्पोवाल्यांची बायको मी शाळेत असताना येऊन बसायची. नळीकडे कुणीही दुसऱ्यांदा बघितलं नाही.

एकदाही मशीन बंद पडलं नाही. पावसाळ्यात दीड दिवस लाईट नव्हती. मिस्त्रींनी टेम्पोवाल्यांच्या बॅटरीवर मशीन सुरू ठेवलं, या दोन बॅटऱ्या दुकानात नेऊन जनरेटरवर भरल्या आणि परत आणल्या. भिजून चिंब झाले होते आणि इलेक्ट्रिक ऑफिसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी टॉवेल दिला तर म्हणाले, आधी टर्मिनल पुसतो.

मग एका रविवारी ते आले नाहीत. सोमवारी शाळेत जाताना बघितलं तर दुकानाचं शटर खाली. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, मिस्त्री शनिवारी सकाळी घरात बसल्या बसल्या गेले. चहाचा कप हातात होता म्हणे. छातीत दुखतंय असंही कुणाला बोलले नाहीत. दुसऱ्यांना बारीकसारीक विचारून भंडावून सोडणारा माणूस, स्वतःचं काही सांगायला याला काय झालं होतं? मी तिथे रस्त्यातच त्यांच्यावर चिडले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

चार दिवसांनी संध्याकाळी, टेम्पोवाल्यांच्या बायकोला नवऱ्याजवळ बसवून, मी कसबा बावड्याला मिस्त्रींच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या घरी त्याआधी मी कधी गेले नव्हते. घर सापडायला वेळ लागला, कारण तिकडची लाईट गेली होती. गल्लीतल्या दोन-चार घरांत इन्व्हर्टरचे दिवे होते. मी धरून चालले होते की ज्या घरात सगळ्यात लख्ख उजेड, ते मिस्त्रींचं. तिथे गेले तर ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. त्या माणसाने शेजारच्या काळोख्या घराकडे बोट दाखवलं.

संधिप्रकाशात गच्चीवर लोखंडी सांगाडा दिसत होता. पॅनेल बसवायचा असतो तसा, दोन पॅनेलांच्या मापाचा. त्यावर पॅनेलं नव्हती. मिस्त्रींच्या बायकोचे, वहिनींचे, कपडे वाळत होते.

वहिनी रॉकेलचा कंदील घेऊन दारात आल्या. खोलीत शिवणयंत्र होतं, त्याला मोटार लावलेली, त्यावर अर्धवट शिवलेले ब्लाउज. भिंतीला एक रिकामी फळी, आणि फळीच्या वर टोकं टेप लावून बंद केलेल्या जाड वायरी लोंबत होत्या. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"वहिनी, त्या बॅटऱ्या इथल्या होत्या?"

"व्हय की," त्या म्हणाल्या. "आमी दोगं अंधारात बसलो म्हणून मरत न्हाय, म्हणालते."

मी विचारलं, मग इतक्या दिवसांत दुसऱ्या का नाही आणल्या? दुकानात नवीन माल आला की आधी दुसऱ्या कुणाची तरी नड निघायची, वहिनींनी सांगितलं. पुढच्या खेपेला आपल्याला, असं वर्षभर चाललं होतं. लाईट गेली की शिवण तेवढा वेळ बंद. दोघं दारात येऊन बसायची.

मला संताप आला. मेलेल्या माणसावर, त्याच्या बायकोसमोर, सुतकाच्या घरात बसून मला संताप आला. अख्ख्या गावाकडून खऱ्याचा हट्ट धरणाऱ्या या माणसाने माझ्या दारात उभं राहून बिनदिक्कत खोटं सांगितलं होतं. एका शब्दाने बोलले असते तर मी दागिने मोडून बॅटऱ्या आणल्या असत्या. मला तेवढी संधीही दिली नाही. आणि आता भांडायला समोर कुणी नव्हतं.

मी म्हणाले, उद्याच्या उद्या बॅटऱ्या पाठवते. वहिनींनी कंदिलाची वात वर केली.

"आणि मालकास्नी काय लावणार?"

त्या क्षणी सुद्धा, आमच्या भागात त्याच वेळेला लाईट गेलेली असताना, माझा नवरा त्याच दोन बॅटऱ्यांवर श्वास घेत होता.

"मशीन कवा बंद पडलं न्हाय न्हवं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

"लाईट गेली की ह्यांनी रोज घड्याळाकडं बघायचं," त्या म्हणाल्या. "बाईंच्यात चालू असंल न्हवं आता, असं मलाच इचारायचं. मला काय ठावं? मी आपलं व्हय म्हणायचं."

लाईट यायला अजून अर्धा तास होता. वहिनी म्हणाल्या, तुम्ही जावा, पेशंट घरात हाय. मी गेले नाही. तेवढा अर्धा तास मी त्यांच्याशेजारी त्या अंधारात बसून राहिले.